हंगाम संपला, असं कधी म्हणायचं?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना घाईत राहून गेलेले दोन-चार आकडे इथे भरले आहेत.)

व्यासपीठावरचे आपले आदरणीय सर, बाई, आणि समोर बसलेल्या १९८६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

याच हॉलमध्ये मी यापूर्वी एकदा बोलायला उभी राहिले होते. आठवीतली वक्तृत्व स्पर्धा, विषय 'पाऊस पडला नाही तर'. तिसऱ्या वाक्यानंतर पुढचं सगळं विसरले आणि खाली जाऊन बसले. बाई आजही तिथे पहिल्या रांगेत आहेत, म्हणून या वेळी कागद घेऊन आले आहे.

काल रात्री जेवताना चौघांनी तरी विचारलं, "तू तिकडे नक्की करतेस काय? टीव्हीवर हवामान सांगतेस का?" नाही. टीव्हीवर दिसावं असं माझ्याकडे काही नाही. मी फ्लोरिडात एका खाजगी कंपनीत जहाजांसाठी हवामान बघते. एखादं मालवाहू जहाज टेक्सासच्या बंदरातून पनामा कालव्याकडे निघालं, की पुढच्या पाच-सात दिवसांत वाटेत काय वाढून ठेवलं आहे हे त्याच्या कप्तानाला सांगायचं. जा, थांब, किंवा वळसा घाल. वळसा सांगितला की इंधनाचा खर्च वाढतो आणि मालक ओरडतो. वळसा सांगितला नाही आणि वादळ आलं, तर ओरडायला कोण उरेल सांगता येत नाही. असं हे काम.

तर आज वादळांबद्दल बोलते. त्यातही हंगाम संपत आल्यावर येणाऱ्या वादळांबद्दल. कारण माझ्या सगळ्या नोकरीत मला त्यांनीच जास्त शिकवलं आहे, आणि त्यांच्यामुळेच एक गोष्ट या गावाला सांगायची राहून गेली आहे.

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो त्यालाच अटलांटिकमध्ये हरिकेन म्हणतात. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटरच्या पुढे गेला की हे नाव लागतं. तिथला अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. सरासरी काढली तर वर्षाला नाव मिळालेली १४ वादळं, त्यातली ७ हरिकेन, आणि त्यातलीही ३ मोठी. हंगामाचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास असतो. ऑक्टोबर उजाडला की लोकांना हायसं वाटतं. शाळा-कॉलेजं रुळलेली असतात, खिडक्यांना ठोकायच्या प्लायवूडच्या फळ्या गॅरेजमध्ये परत जातात. खलाशांच्या एका जुन्या इंग्रजी बडबडगीतातही ऑक्टोबर म्हणजे सगळं संपलं असं सांगितलं आहे.

आता संपलेल्या हंगामातली काही नावं ऐका. १९९८ चं मिच : ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. होंडुरास आणि निकाराग्वात मुख्यतः पावसाने आणि दरडींनी अकरा हजारांवर माणसं गेली. २००५ चं विल्मा : १९ ऑक्टोबर. केंद्रातला हवेचा दाब ८८२ मिलिबार, अटलांटिकमध्ये मोजलेला आजवरचा सर्वांत कमी. २०१८ चं मायकेल : १० ऑक्टोबरला फ्लोरिडाच्या मेक्सिको बीच गावावर पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत आदळलं. २०२० चं एटा आणि आयोटा : दोन्ही नोव्हेंबरमध्ये, दोन्ही निकाराग्वाच्या किनाऱ्यावर, दोन आठवड्यांच्या अंतराने, आणि आदळण्याच्या जागांमध्ये फरक फक्त पंचवीसेक किलोमीटरचा. पहिल्या वादळाने उडवलेले पत्रे लोक गोळा करत होते तोवर दुसरं आलं. आणि आत्ता गेल्या वर्षीचं मेलिसा : २८ ऑक्टोबरला जमैकावर, ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाने. त्या बेटावर इतकं जबर वादळ आल्याची नोंद नाही.

मग प्रश्न असा, की मागून येणारी ही वादळं इतकी वाईट का असतात, आणि ती आधी ओळखता येतात का?

भूगोलाच्या बाईंनी आपल्याला पृथ्वीगोल फिरवून दाखवला होता, तो आठवा. ऑगस्ट-सप्टेंबरमधली बरीचशी मोठी वादळं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडून निघतात. सगळा अटलांटिक ओलांडून अमेरिकेकडे यायला त्यांना आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे पाहुणा येणार हे आठवडाभर आधी कळतं. ऑक्टोबरमध्ये हा रस्ता हळूहळू बंद होतो. वरच्या थरातले पश्चिमी वारे खाली दक्षिणेकडे सरकतात आणि वादळाचा माथा छाटून टाकतात. डोक्यावर तीन हंडे घेऊन विहिरीवरून येणारी बाई डोळ्यासमोर आणा. खालच्या हंड्याला धक्का लागला नाही, पण वरचा कोणी ढकलला, तरी तिन्ही पडतात. वादळाचंही तसंच. खालचा वारा आणि वरचा वारा यांत फार फरक असला की त्याची उतरंड उभीच राहत नाही.

पण त्याच वेळी पश्चिम कॅरिबियन, म्हणजे क्युबा, जमैका, होंडुरास यांच्यामधला समुद्र, अजून तापलेला असतो. वादळाला साधारण साडेसव्वीस अंशांच्या वरचं पाणी लागतं, आणि इथे ते नोव्हेंबरमध्येही सहज मिळतं. शिवाय ते नुसतं वरवर तापलेलं नसतं. बऱ्याच समुद्रांत वादळ पाणी ढवळतं, खालचं थंड पाणी वर येतं आणि वादळाची चूल आपोआप मंदावते. पश्चिम कॅरिबियनमध्ये गरम पाण्याचा थर खोल आहे. ढवळलं तरी खालून गरमच येतं. तपेल्यातलं पाणी आणि न्हाणीतल्या बंबातलं पाणी यांत जो फरक, तोच हा फरक.

म्हणजे ऑक्टोबरमध्ये वादळं कमी होतात, पण ती किनाऱ्याच्या अगदी जवळ जन्मतात आणि त्यांना इंधन भरपूर मिळतं. आठ-दहा दिवस आधी कळण्याची सोय गेली. हातात दोन, तीन, फार तर चार दिवस. त्यात मध्य अमेरिकेवर या दिवसांत कधी कधी एक अवाढव्य, ढिला भोवरा तयार होतो. त्याच्या पोटात नेमका कुठे वादळाचा डोळा धरेल, हे तो धरेपर्यंत सांगणं अवघड जातं.

या महिन्यांच्या फरकाकडे फार पूर्वी बारकाईने पाहणारा माणूस म्हणजे बेनितो विन्येस. हे स्पॅनिश जेझुइट पाद्री. १८७० मध्ये हवानाच्या बेलेन कॉलेजात आले आणि तिथल्या वेधशाळेचे प्रमुख झाले. उपग्रह नाही, विमान नाही. दाबमापक, आकाशातले पिसासारखे ढग आणि बेटाबेटांवरून येणाऱ्या तारा, एवढीच सामग्री. ११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांनी हवानाच्या वर्तमानपत्रात वादळाचा इशारा छापवून आणला. कोणत्या महिन्यात वादळ साधारण कुठून येतं आणि कुठे वळतं, याचेही नियम त्यांनी बांधले. शाळेतल्या मास्तराने गच्चीवरून आकाश बघत केलेलं हे काम आहे. सर, म्हणून मला ते फार आवडतात.

पुढे १९८४ पासून कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक विल्यम ग्रे यांनी सबंध हंगामाचा अंदाज वर्तवायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं होतं, की पॅसिफिकमध्ये एल निन्यो असेल त्या वर्षी अटलांटिकमध्ये वादळं कमी होतात. हजारो मैलांवरचं पाणी तापतं आणि इकडे वरच्या वाऱ्यांचा तो हंडे पाडणारा धक्का वाढतो. उलट ला निन्या असेल तर धक्का कमी, वादळं जास्त. एल निन्योने आपला मान्सून बिघडतो हे आता आपल्याकडे शेतकऱ्यालाही पाठ आहे. तोच एल निन्यो तिकडे कॅरिबियनला बऱ्याचदा दिलासा देतो.

हंगामाच्या शेवटाबद्दल बोलायचं तर आम्ही ढोबळमानाने तीन गोष्टी बघतो. पहिली, ला निन्या आहे की एल निन्यो. दुसरी, कॅरिबियनमधल्या गरम पाण्याचा पसारा आणि खोली किती. या दोन गोष्टी संथ चालीच्या असतात. सप्टेंबरअखेर जे असतं ते नोव्हेंबरपर्यंत फारसं पालटत नाही, त्यामुळे त्यावर थोडा भरवसा ठेवता येतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गमतीची, कारण ती आपल्याकडून तिकडे जाते. १९७१ मध्ये मॅडन आणि ज्युलियन या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की विषुववृत्ताजवळ ढगांचा आणि पावसाचा एक प्रचंड पट्टा हिंदी महासागरातून पूर्वेकडे सरकत जातो, आणि त्याच्याबरोबरचे वारे तीस ते साठ दिवसांत पृथ्वीला फेरी घालतात. श्रावणात आठ दिवस धो धो आणि मग दहा दिवस कडक ऊन पडतं, त्यात याचाही हात असतो. या फेरीची अनुकूल बाजू कॅरिबियनवर आली की तिथे वादळं उठण्याची शक्यता वाढते. प्रतिकूल बाजू आली की दोन आठवडे शांतता. म्हणून ऑक्टोबरात माझ्या टेबलावरचा सकाळचा पहिला नकाशा मियामीचा नसतो, हिंदी महासागराचा असतो. सहकारी विचारतात, "घरची आठवण येते का?" मी म्हणते, कामच आहे.

आता यातून काय सांगता येतं आणि काय नाही, तेही सांगते. 'यंदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॅरिबियनमध्ये नेहमीपेक्षा जास्त हालचाल संभवते' हे बऱ्यापैकी सांगता येतं. पुढचे दोन आठवडे तापदायक की निवांत, हेही काही प्रमाणात सांगता येतं. पण कोणत्या गावावर, कोणत्या रात्री, हे महिनाभर आधी कोणीही सांगू शकत नाही. वादळ तयार झाल्यावर त्याचा मार्ग आता खूपच चांगला सांगता येतो. त्याची ताकद मात्र अजून फसवते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅसिफिकच्या बाजूला ओटिस नावाचं वादळ एका दिवसात साध्या वादळापासून पाचव्या श्रेणीपर्यंत गेलं आणि मध्यरात्रीनंतर अकापुल्कोवर आदळलं. आदल्या सकाळपर्यंत एकाही प्रमुख मॉडेलने ते दाखवलं नव्हतं. त्या दिवशी मीही नकाशा बघत होते, आणि मलाही ते दिसलं नव्हतं.

आणखी एक. आकडा म्हणजे धोका नव्हे. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, अटलांटिकमध्ये फक्त ५ हरिकेन झाली. सरासरीपेक्षा कमी. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर एकही आदळलं नाही. तिथल्या माणसाला विचाराल तर म्हणेल, चांगलं वर्ष गेलं. जमैकातल्या माणसाला विचारा. त्याच्यासाठी वर्षात एकच वादळ आलं, आणि तेवढं पुरलं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, बरं झालं, हिला काम तरी येतं. आता जी गोष्ट सांगायची राहिली आहे, ती सांगते.

२००९ साल. एल निन्योचं वर्ष. अटलांटिकचा हंगाम अगदी मरगळलेला, सबंध वर्षात नाव मिळालेली ९ वादळं. ऑक्टोबर संपला तेव्हा आमच्या ऑफिसात हंगाम संपल्याचा केकसुद्धा कापून झाला होता. ४ नोव्हेंबरला नैऋत्य कॅरिबियनमध्ये आयडा तयार झालं. दुसऱ्या दिवशी निकाराग्वावर गेलं, जंगलावरून जाताना अशक्त झालं, पुन्हा समुद्रात उतरलं, पुन्हा हरिकेन झालं आणि मेक्सिकोच्या आखातात शिरलं. आखातात आमची जहाजं होती. चार दिवस मी धड झोपले नव्हते. १० नोव्हेंबरला आयडा बरंच थकून अलाबामाच्या किनाऱ्याला लागलं.

त्याच्या आदल्या रात्री, फ्लोरिडात अकराच्या सुमारास, सवयीने मी हिंदी महासागराचं उपग्रहचित्र उघडलं. अरबी समुद्रात एक कमी दाबाचं क्षेत्र होतं. वर कोकणाच्या दिशेला सरकण्याची चिन्हं होती. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. मला बंदर आठवलं. आपल्या वर्गातला, मागच्या बाकावरचा एक जण आठवला. त्याच्या घरची बोट होती. त्याचा नंबर माझ्या डायरीत होता. वाटलं, फोन करावा. मग वाटलं, आपण कोण सांगणार? तिकडे खातं आहे, रेडिओ आहे, बंदरावर बावटा लागला असेलच. आणि नोव्हेंबरात आपल्याकडे कसलं आलंय वादळ. मी आयडाच्या कामाकडे वळले.

ते फयान होतं. ११ नोव्हेंबरला ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. कागदावर काही मोठं नव्हतं, मी सांगितलेल्या नावांपुढे तर अगदीच लहान. पण नारळी पौर्णिमेला समुद्र उघडून तीन महिने झाले होते, दिवाळी झाली होती, सगळ्या बोटी मासेमारीला बाहेर होत्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले अनेक मच्छिमार परत आले नाहीत. माझ्या त्या मित्राचा धाकटा भाऊ त्यांतला एक.

मला हे महिनाभराने कळलं. सोळा वर्षं मी त्याला त्या न केलेल्या फोनबद्दल सांगू शकले नव्हते. परवा रात्री इथे आल्यावर सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तू फोन केला असतास तरी बोट दोन दिवस आधीच गेली होती. मोबाइल लागत नव्हता तिथे. मी तरी कोणाला सांगणार होतो?" मी म्हटलं, हे मी भाषणात सांगू का? तो म्हणाला, "सांग. फक्त नाव घेऊ नकोस." तो आत्ता या हॉलमध्ये बसला आहे. त्याची मी सर्वांसमोर माफी मागते.

त्याच्या उत्तराने माझं ओझं हलकं झालं असं नाही. कदाचित फोनचा उपयोग झाला नसता. पण तो होणार नाही हे मला त्या रात्री ठाऊक नव्हतं. मी फोन केला नाही, कारण माझ्याही डोक्यात हंगाम संपला होता. ज्या चुकीबद्दल मी जहाजाच्या कप्तानांना दर ऑक्टोबरमध्ये बजावते, तीच मी स्वतः केली.

त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. शंका आली तर फोन करायचा. समोरचा हसला तरी चालेल. दहा वेळा वादळ आलं नाही तरी अकराव्या वेळी करायचा. आपल्या ग्रुपवर ऑक्टोबर ते डिसेंबर माझे जे कंटाळवाणे निरोप येतात, आणि ज्यांवर काही जण झोपलेल्या माणसाची चित्रं टाकतात, त्यांच्यामागचं कारण हे आहे. तुमची चित्रं येऊ द्या. निरोप बंद होणार नाहीत.

फयाननंतर परिस्थिती सुधारली आहे, हेही सांगायला हवं. अंदाज जास्त लवकर येतात, आणि किनाऱ्यापासून दूर असलेल्या बोटीलाही उपग्रहावरून संदेश देणारी यंत्रं आली आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या साठांवर बोटी भरकटत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या, नऊशेवर माणसं सुखरूप उतरली. ती माणसं वाचली हे वाचून मी फ्लोरिडात एकटी बसून रडले होते. कारण कोणाचं तरी बंदर त्यांना वेळेवर सापडलं.

तुमच्यापैकी बरेच जण इथे गावात आहेत. कोणी सरपंच आहे, कोणी बँकेत, कोणी याच शाळेत शिकवतं. मला दोनच गोष्टी मागायच्या आहेत. एक, शाळेतल्या पोरांना दाबमापक बघायला आणि नकाशा वाचायला शिकवा. विन्येस यांनी शाळेच्या गच्चीवरून केलं, ते आपल्या गच्चीवरूनही थोडंफार होईल. पोरगं घरी जाऊन बापाला सांगेल, आणि बाप हवामानखात्याचं ऐकत नसला तरी पोराचं ऐकतो. त्यासाठी लागणारी उपकरणं मी देईन, सरांशी काल बोलणं झालं आहे. दुसरी गोष्ट, बोटीवर गेलेल्या माणसाच्या घरी निरोप पोहोचवायची जबाबदारी वाडीवाडीत एकेका माणसावर ठेवा. अंदाज कितीही अचूक असला तरी शेवटचे चार किलोमीटर तो माणसाच्या पायांनीच जातो.

राहता राहिला हंगाम संपला असं कधी म्हणायचं हा प्रश्न. २००५ साली अटलांटिकमधलं शेवटचं वादळ ३० डिसेंबरला तयार झालं आणि पुढच्या वर्षीच्या ६ जानेवारीपर्यंत समुद्रात फिरत राहिलं. तेव्हा मला विचाराल तर उत्तर सोपं आहे. शेवटची बोट बंदराला लागली, माणसं मोजून झाली, की मग म्हणायचं.

बाई, या वेळी शेवटपर्यंत बोलले.